अंजिरावरचं वजन

“इथे कुणाला पुरलंय की काय?” घरदलालाची पोरगी हसत म्हणाली, आणि इम्माच्या हातातला कॉफीचा पेला बशीत वाजला. मागच्या अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि त्या गवतात निळ्या ताडपत्रीखाली माणसाच्या लांबीचा, खरं तर माणसाहून बराच लांब असा उंचवटा होता. त्यावर एक जुनं दार आडवं टाकलेलं, दारावर चार विटा, आणि एका टोकाला जमिनीतून वर आलेला हवेचा नळ, त्यावर उपडी घातलेली बादली. घर घेणारं तरुण जोडपं मापं घ्यायला आलं होतं. त्यांना तिथे उन्हाळ्यात बसायला लाकडी ओटा घालायचा होता. नवऱ्याने बुटाच्या टोकाने ताडपत्रीची कड उचलली. खालून एक पांढरी, वाकडीतिकडी काडी बाहेर आली होती, आणि तिच्या टोकाला एक पान होतं. हिरवंही नाही, पिवळंही नाही. दुधात बुडवून काढल्यासारखं. “ई!” त्याची बायको म्हणाली. “काही नाही, अंजीर आहे,” इम्मा म्हणाली. “जिवंत?” “मला काय माहीत!” आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, “त्याचं मी बघते. तुम्ही तुमची मापं घ्या.”

ती माणसं गेल्यावर तिने पेले विसळले. वैताग त्या पोरीचा नव्हता. पोरगी बिचारी गावाच्या दुसऱ्या टोकाची, तिला काय कळणार? पण टोरांटोच्या या गल्लीतल्या कुठल्याही घरात हा प्रश्न कुणी विचारला नसता. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की नोव्हेंबरात अंजीर झोपवायचं आणि ईस्टरला उठवायचं. इथली थंडी अंजिराला सोसत नाही. म्हणून एका बाजूची मुळं तोडायची, फांद्या दोरीने बांधायच्या, झाड हळूहळू चरात आडवं करायचं, वर पाचोळा, जुनी सतरंजी, फळ्या, माती. इटलीतल्या कालाब्रियाहून बोटीने आलेल्या म्हाताऱ्यांनी हे केलं, त्यांच्या पोरांनी पाहिलं. बाबांनी गेल्या नोव्हेंबरात झोपवलं आणि फेब्रुवारीत बाबा गेले. जमीन दगडासारखी गोठली होती, खड्डा काढायला यंत्र आणावं लागलं. मग चर्चमधली प्रार्थना झाली, कपडे वाटून झाले, औषधं परत देऊन झाली. ईस्टर आला. गल्लीतली सगळी अंजिरं उठली, दोऱ्या सुटल्या, फांद्यांनी हातपाय ताणले. तिचं झाड तसंच पडून राहिलं. विसरली म्हणावं तर तेही खरं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी ती निळी ताडपत्री दिसायची. ती बघायची आणि नजर तिच्यावरून घसरून कुंपणावर जायची. आधी पाऊस होता म्हणून, मग दुकानात काम होतं म्हणून, मग गवत वाढलं म्हणून, मग तिने सातव्या मजल्यावरच्या जागेचे पैसे भरले म्हणून. ती जागा तिने का घेतली असं कुणी विचारलं तर ती लिफ्टचं नाव सांगायची. खरं कारण एवढंच होतं की तिथे माती नव्हती.

माती तिला नको होती. आयुष्यभर या घरात मातीच पहिली जेवली. तिच्या शिलाईच्या डब्यात मिरचीचं बी, तिच्या मशीनवर, कारण खिडकीजवळचं ऊन तिथेच पडायचं, टोमॅटोच्या रोपांचे खोके. लोकांच्या पँटी आखूड करताना कापलेल्या पट्ट्या ती दुकानातून घरी आणायची, कारण बाबांना टोमॅटो बांधायला त्याच लागायच्या. सुती पट्टी रोपाला काचत नाही म्हणे. शहरातल्या भल्याभल्या साहेबांच्या पँटींनी तिच्या बापाचे टोमॅटो बांधलेले असत. बाबा फुटपाथवर काँक्रीट ओतायच्या कामाला होते. त्यांचे हात असे की घरातल्या एकाही कपाचा कान शाबूत नव्हता. नळ फिरवला की नळ हातात, दार ओढलं की कडी हातात. आई होती तोवर आई डिंकाने चिकटवायची, नंतर इम्मा. आणि हाच माणूस मिरचीचं रोप दोन बोटांत धरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात असा ठेवायचा, की तिला उठून बाहेर जावंसं वाटायचं.

आणि नोव्हेंबर आला की हाक यायची. “इम्मा!” बस एवढीच. ती कोट घालून मागे जायची. झाड अर्धं वाकलेलं असायचं, फांद्या बांधलेल्या, बाबा खांद्याने रेटत असायचे. खोड आडवं आलं की ते म्हणायचे, “बस.” ती खोडावर बसायची. लोकरीच्या कोटातून, फ्रॉकमधून, खोडाचा गारठा वर चढायचा. खाली जमिनीत मुळं तुटायची, त्याचा आवाज यायचा. कुणीतरी मातीखाली बोटं मोडतंय असा. बाबा आणखी रेटायचे, खोड तिच्यासकट वीतभर खाली जायचं, थांबायचं, पुन्हा जायचं. मग ते टोकाकडून माती ओढू लागायचे. माती तिच्या बुटांपर्यंत आली की म्हणायचे, “ऊठ.” मधे एक शब्द नाही. सात वर्षांची असताना मागच्या गल्लीतून वर्गातली एक मुलगी सायकलवरून गेली आणि ओरडली, “काय गं, घोडा का?” दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग टाळूला जीभ लावून टापा वाजवत होता. पंधरा वर्षांची असताना ती रडत बसली होती. तिशीत एकदा पुढच्या दाराशी एक माणूस गाडी चालू ठेवून वाट बघत होता, सिनेमाला जायचं होतं, आणि ती मागे खोडावर बसलेली, चांगल्या मोज्यांना चिखल. तो माणूस चिखलामुळे गेला असं नाही, पण तिला तो आठवला की आधी चिखलच आठवायचा. घरात तिचं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं. वजन. आईला आठ वर्षं अंथरुणात उचलायचं होतं तेव्हा ती वजनाच्या दुसऱ्या बाजूला होती, एवढाच फरक. गेल्या नोव्हेंबरातसुद्धा, साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, ती कोट घालून त्या खोडावर बसली होती आणि त्या सातव्या मजल्यासाठी दलालाशी फोनवर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन बाहेर पडली. रेडिओवर सांगत होते, उद्यापासून सगळं गोठवणारी थंडी. ती स्वतःला म्हणत होती, फक्त बघायचं. जिवंत असलं तर असलं. महिनाअखेर ओटेवाले यंत्र घेऊन येतील, ते काय ते बघतील. पण उंचवट्यापर्यंत जायचं म्हणजे आधी गवत, आणि गवत म्हणजे नुसतं गवत नव्हतं. पुदिना कुंपणापासून पायरीपर्यंत सुटला होता. कोथिंबिरीच्या भावकीतलं काहीतरी छातीएवढं वाढून बी धरून वाळलं होतं. टोमॅटोच्या काठ्या एकमेकींवर रेलून उभ्या, त्यांना गेल्या वर्षीच्या पट्ट्या, राखाडी, करड्या, एक बारीक रेघांची. ती रेघांची पँट तिला आठवली. एका वकिलाची होती, तीनदा आखूड केली तरी त्याला लांब वाटायची. ती पट्ट्या कापत, काठ्या उपटत, गवत ओढत पुढे सरकू लागली आणि प्रत्येक उपटण्याबरोबर तिचा राग वाढत गेला, कारण माती सुटी होती. वर्षभर कुणी हात लावला नव्हता तरी लोण्यासारखी. पन्नास-साठ वर्षं त्या माणसाने तिच्यात काय काय घातलं होतं कोण जाणे.

“काय करतेस?” कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारचे कोसिमोकाका. पंचाऐंशी वर्षांचे, वाळलेल्या शेंगेसारखे, डोक्यावर बायकी लोकरी टोपी.

“दिसत नाही का?”

“दिसतंय म्हणून तर विचारतोय. आज अख्खी गल्ली अंजीर झोपवतेय. तू उठवायला निघालीस.”

“मी काही उठवत नाहीये. बघतेय.”

“ईस्टरला कुठे होतीस?”

“दफनभूमीत. बाबांना फुलं ठेवायला.”

“फुलं ठेवलीस? बरं केलंस. त्याने वर बघून विचारलं असेल, अंजीर कुठाय?”

तिने आणखी एक काठी उपटली. त्यांच्या घराची वरची खिडकी उघडली आणि त्यांची बायको अस्सुंता ओरडली, “ओ म्हाताऱ्या! टोपी घाल!”

“घातलीय!”

“ती माझी आहे!”

“मग तू घालू नकोस!” खिडकी बंद झाली. म्हातारा कुंपणाच्या तारेवर दोन्ही हात ठेवून जवळ आला. “इम्मा, पोरी, ते झाड मला दे. माझ्या जिन्याखालच्या तळघरात ठेवतो. तिथे द्राक्षाची दारू ठेवतो, तिला मानवतं, अंजिरालाही मानवेल. तसंही मूळचं ते माझंच आहे. मी कोटाच्या अस्तरात काडी शिवून आणली होती, कस्टमवाल्याने खिसे तपासले, अस्तर नाही. तुझ्या बापाला मीच फुटवा दिला.”

“बाबा म्हणायचे त्यांनी तुम्हाला दिला.”

“तुझा बाप खोटारडा होता. देव त्याला स्वर्गात ठेवो.”

हे भांडण ती जन्मापासून ऐकत होती. दोघं नव्या दारूच्या वेळी शेजारी बसायचे, भाजलेले चेस्टनट सोलायचे आणि काडी कुणाच्या अस्तरात होती यावरून तोंड फिरवून उठायचे. आता काकांचं झाड मेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने ते झोपवायला कंटाळा केला, उभंच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, माघात चार दिवस ऊन पडलं आणि आतल्या आत शिजून गेलं. तेव्हापासून म्हातारा मुलाशी जेमतेम बोलत होता. म्हणजे त्या काडीचं हे एकच झाड उरलं होतं. सगळं सरळ होतं. तिला नको होतं, त्यांना हवं होतं. सातव्या मजल्यावर ते जगलं नसतं. तिथे हिवाळाभर भिंतीतून गरम वाफ, झोपायच्या वेळी त्याला पानं फुटली असती आणि जानेवारीत वाळून गेलं असतं. द्या आणि मोकळ्या व्हा. आणि तरीही तिच्या तोंडून निघालं, “नाही.”

“का?”

“नाही म्हणजे नाही.”

का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या झाडासाठी ती पन्नासहून जास्त हिवाळे बसली होती. ते मेलं तर तिच्या देखत मरावं, कुंपणापलीकडे जगू नये, असं काहीतरी कडवट तिच्या घशात होतं. त्याची लाज वाटण्याइतकी उसंत नव्हती. तिने पाठ फिरवली आणि हाताला लागलं ते करायला घेतलं. गवताखाली बाबांचा रोजमेरी, वासाच्या पाल्याचं झुडूप, सापडला, एका बाजूने वाळलेला, दुसऱ्या बाजूने घमघमणारा. टोमॅटोचा एक मोठा रिकामा डबा पडला होता. तिने रोजमेरी मुळासकट उपटला आणि डब्यात कोंबून वर माती लोटली. हा सातव्या मजल्यावर जाईल. काहीतरी न्यायचंच तर हे, हाताएवढं.

“डब्याला भोक पाड तळाशी,” काका म्हणाले.

“गेला नाहीत अजून?”

“पाणी साचेल. मुळं कुजतील. आणि इतकं दाबू नकोस, ते काय काँक्रीट आहे? तुझ्या बापाने काही शिकवलं की नाही?”

“दोन गोष्टी शिकवल्या,” ती म्हणाली. रोजमेरी उपसून डबा तिने उपडा केला, वर खिळा धरला आणि विटेने ठोकला. “बस. आणि ऊठ.”

म्हातारा तारेपासून बाजूला झाला. मग कुंपणाचं फाटक कुरकुरलं आणि तो विचारल्याशिवाय आत आला.

विटा काढल्या, दार काढलं, ताडपत्री ओढली. खाली सतरंजी होती, आईच्या खोलीतली, तपकिरी फुलांची. इम्मा ती विसरून गेली होती. सतरंजीखालून ओलसर, आंबट, तळघरासारखा वास आला. पाचोळ्याचं काळं पीठ झालं होतं आणि त्यातून बोटभर जाडीच्या पांढऱ्या काड्या, एकीत एक गुंतलेल्या, सगळ्या एकाच दिशेला, ज्या कडेने उजेड शिरत होता तिकडे. उन्हाळाभर हे असं चाललं होतं. ती वर खिडकीत कॉफी पीत असताना.  काका वाकले, अंगठ्याच्या नखाने एका फांदीवर ओरखडा काढला. तपकिरी. वीतभर पुढे दुसरा. तपकिरी. उंदरांनी एक फांदी सोलून खाल्ली होती. शेजारच्या फांदीवरच्या तिसऱ्या ओरखड्याखाली हिरवी रेघ आली आणि त्या रेघेवर दुधाचा थेंब.

“आहे,” म्हातारा म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.

“टोपी घाला. परत ओरडेल ती.”

आता मात्र तिला थांबता आलं नाही. उद्या गोठवणारी थंडी होती. उघडं टाकलं तर उद्याच संपलं असतं, आणि परत पुरलं तर महिनाअखेर यंत्राखाली. राहता राहिली कुंडी. बाबांचं द्राक्षं तुडवायचं अर्धं कापलेलं निळं पिंप ओसरीखाली होतं. ती फावड्याने मुळांभोवती खणू लागली. म्हातारा सूचना देत होता. हळू, तिकडून नको, ते मोठं मूळ ठेव, हे तोड, अगं हे नको. “काका, एक तर तुम्ही खणा, नाही तर तोंड मिटा.” “दोन्ही जमायचं नाही. छातीत कळ येते.” माती हटली तसं खोड करकरू लागलं. वर्षभर दाबून ठेवलेलं लाकूड आता सुटायला बघत होतं, आणि एका बाजूला मुळं अजून अडकलेली. तसंच उसळलं असतं तर बुंध्यातून फाटलं असतं. काका जाऊन वाळूची दोन पोती घेऊन आले, म्हणजे फरफटत आणली. पोती तिने खोडावर टाकली. फावडं तिने जरा जोरात मारलं, रागात मारलं हे खरं, आणि खोड हललं, एक पोतं घसरलं, दुसरं त्याच्या मागोमाग, आणि झाड हातभर उसळून वर आलं. एक फांदी, तीच जिच्यात हिरवं सापडलं होतं, खोडाशी बेचक्यात चिरली. पांढरं दूध इम्माच्या मनगटावर उडालं.

“पोत्याचं हे असंच होतं,” म्हातारा म्हणाला.

“मग आणलीत कशाला!”

“तू विचारलंस का?”

“बसा.”

“काय?”

“बसा म्हणते! खोडावर बसा.” आपल्या आवाजाने ती स्वतःच दचकली. तो तिचा नव्हता. म्हाताऱ्याने खोड दोन्ही हातांनी खाली दाबलं, पाय टाकला आणि बसला. त्याचं वजन काही फार नव्हतं, पण खोड शांत झालं. ती आता कुऱ्हाडीने मूळ तोडू लागली, बारीक बारीक घाव घालत, कारण प्रत्येक घावाला तो म्हातारा थरथरत होता आणि जोरात मारलं तर पडेल अशी भीती वाटत होती.

“मी त्याला सांगितलं होतं,” काका वरून म्हणाले.

“कुणाला?”

“सावेरियोला. तुझ्या बापाला. तू एवढीशी होतीस. नाक लाल झालं होतं तुझं. मी कुंपणावरून म्हटलं, अरे, पोरगी गारठतेय, पोतं टाक की. मी पोतं टाकतो, सगळे पोतं टाकतात. या गल्लीत पोरगी टाकणारा तूच एक.”

तिचा हात थांबला. सगळे पोतं टाकतात. तिला इतकी वर्षं वाटत होतं की प्रत्येक कुंपणाआड कुणीतरी एक पोर बसलेलं असतं.

“मग काय म्हणाले?”

“म्हणाला, पोतं टाकलं की माझा हात आवरत नाही. दोन झाडं मोडली म्हणाला तशी. ती वर बसलेली असली की मी हळू दाबतो.”

कुठेतरी गल्लीत कुणी खुंट्या ठोकत होतं. इम्माने हातातल्या कुऱ्हाडीकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे शेवटी झाडासाठीच.”

“झाडासाठीच. मग आणखी कशासाठी?” म्हातारा खरंच बुचकळ्यात पडला होता. “आता तोड लवकर. माझं ढुंगण गार पडलं.”

तिने मूळ तोडलं. डोकं तापलं होतं, आणि राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्याची शेवटची खोडी. कपांचे कान मोडणारे ते हात, आणि त्यांना जपून चालवायला काय लागायचं, तर ती. म्हणजे लगाम. म्हणजे डिंक. हे एकदा तरी तोंडाने सांगायला काय झालं होतं? ‘इम्मा, तू बसलीस की माझा हात हळू होतो.’ एवढे शब्द. सांगितलं असतं तर ती बसली नसती का? कदाचित नसतीही. पंधराव्या वर्षी तिने ते वर्गातल्या मुलींना सांगितलं असतं आणि त्या आणखी हसल्या असत्या. तिने मुळांचा गोळा कापडाच्या पट्ट्यांनी आवळला. हाताला लागली ती बारीक रेघांची, वकिलाची. पिंपाच्या तळाला आधी भोकं पाडली, न सांगता. खाली विटांचे तुकडे, मग बाबांची माती. झाड दोघांनी मिळून आत ठेवलं, वाळलेल्या फांद्या करवतीने काढल्या, चिरलेलं बेचकं पट्टीने बांधलं. पांढऱ्या काड्यांतल्या तीन ठेवल्या. ते दुधाळ पान म्हाताऱ्याने खुडलं. “झोपताना पानं नकोत.” सगळं झाल्यावर दोघं मागे सरकून बघू लागले. वर्षभर आडवं पडलेलं झाड उभं राहायला तयार नव्हतं. पिंपाच्या कडेवर ते एका बाजूला असं कललेलं, जणू कुणाचं तरी चोरून ऐकतंय.

“सातव्या मजल्यावर लिफ्ट आहे ना?” काका शांतपणे म्हणाले.

“आगीत तेल ओतू नका. तुमची ती दारूची हातगाडी आणा.”

म्हातारा इतक्या वेगाने गेला की छातीची कळ बहुधा खोटी असावी. हातगाडीवरून पिंप फाटकातून पलीकडे नेलं. त्यांच्या पुढच्या जिन्याखालचं तळघर म्हणजे एक बुटकी, थंड खोली. दारूचे काचेचे बुधले, टांगलेलं सॉसेज, एका कोपऱ्यात बटाटे. दार ठेंगणं. झाड पिंपासकट पुन्हा आडवं करावं लागलं. पुन्हा! ती दात खाऊन हसली. आत नेऊन उभं केलं तर पिंप झाडाच्या भाराने कलू लागलं. वजन सगळं एका बाजूला.

“ईस्टरला मला एकट्याला हे बाहेर काढता यायचं नाही,” काका म्हणाले.

“मग कुणाला तरी बोलवा.”

“तेच करतोय.”

ती उत्तर देणार तेवढ्यात पिंप आणखी कललं आणि तिने धावत दुसऱ्या बाजूच्या कडेवर बसकण मारली. पिंप सरळ झालं. “पोतं आणा!” ती ओरडली. “पलीकडेच राहिली दोन्ही! बघत काय उभे राहिलात!”

“आणतो, आणतो.” म्हातारा जिना चढून गेला. वर अस्सुंताने त्याला गाठलं असावं. बुटांना चिखल, टोपीला चिखल, जेवण गार, असं काहीबाही ऐकू येत होतं. इम्मा बसून राहिली. पिंपाची कड मांडीत रुतत होती. पाठीला खोड टेकलं होतं, आणि तिने श्वास घेतला की तेही किंचित हलायचं. मनगटावर जिथे दूध उडालं होतं तिथे आता खाज सुटली होती. अंजिराच्या दुधाची खाज दोन-दोन दिवस जात नाही, तेही तिला बाबांनी नाही, अनुभवाने शिकवलं होतं. पोतं काही येत नव्हतं. गेल्या वर्षीही असंच. ती फोनवर होती. बाबांनी माती ओढली, तिच्या बुटांपाशी आणली आणि म्हणाले, “ऊठ.” फोनवरचा माणूस कागदांचं काहीतरी सांगत होता, म्हणून तिने हात वर केला, थांबा. ते थांबले. फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, नाकाशी थेंब लोंबत असलेला, तोंडातून वाफ. फोन लांबला. दलाल बोलतच होता, लिफ्ट, भिंतीतली वाफ, गाडीची जागा. बाबा तिच्याकडे बघतही नव्हते, तिच्या बुटांकडे बघत होते. ते समोर उभे राहिलेत याचाच तेव्हा तिला केवढा वैताग आला होता! आता तिने आठवायचा प्रयत्न केला. पंधराव्या वर्षीचा नोव्हेंबर. तिशीतला, जेव्हा पुढे गाडी चालू होती आणि ती मुद्दामच बसून राहिली होती, चिखलात, हट्टाने, त्या माणसाचंही ऐकायचं नाही आणि यांचंही नाही म्हणून. सात वर्षांची असताना, बुटात बोटं बधिर झालेली म्हणून उठताच येत नव्हतं, तेव्हाचा. तिने खूप आठवून पाहिलं. बाबांनी दुसऱ्यांदा ‘ऊठ’ म्हटलेलं तिला एकदाही आठवेना.

जिन्यावर धापांचा आवाज आला. काका एक पोतं पायरी पायरीने आपटत खाली घेऊन आले, ते तिच्या पायाशी टाकलं, दुसऱ्या हाताने कंबर धरली.

“हं, ऊठ,” ते म्हणाले. “ऊठ ऊठ. वर ती पेटलीय. ऊठ लवकर.”

“थांबा की जरा!” इम्मा खेकसली, आणि तशीच बसून राहिली.